डाव्या सीटवरचा उकाडा

साहेबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि गाडीच्या मालकाकडे न बघताच मला म्हणाले, "कॉम्प्रेसर गेला. वॉरंटीत क्लेम टाका."

गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये तिसऱ्यांदा आली होती. तक्रार तीच, एसी नीट नाही. आधीच्या दोन्ही खेपांना 'गॅस कमी' म्हणून गॅस भरून ती परत पाठवली होती. गॅसने भागेना, म्हणून आता कॉम्प्रेसर. उद्या कॉम्प्रेसरनेही भागलं नसतं तर साहेबांनी बहुतेक गाडीचा रंग बदलायला सांगितला असता.

हे नाईक साहेब आमचे वर्क्स मॅनेजर. मी डिचोलीच्या या शाखेत नुकतीच बदलून आले होते, टेक्निकल इनचार्ज म्हणून. गाडीचा आजार कोणालाच कळेनासा झाला की जिला हाक मारायची, ती मी. आणि हाक मारताना आजाराचं नावही आपणच सांगून मोकळं व्हायचं, ही साहेबांची पद्धत.

गाडीचा मालक गुरुदास. इब्रामपूरचा, पस्तिशीतला. सात सीटची टॅक्सी स्वतःच चालवणारा. बोलायला लाजायचा. वर्कशॉपमध्ये असं गिऱ्हाईक सगळ्यांना आवडतं. त्याला काहीही सांगता येतं.

मी विचारलं, "नेमकं काय होतं, ते तुम्ही सांगा."

"मॅडम, माझ्या बाजूक थंडी वाजता. आणि मास्तर बसतत थंय चुलीसारखी हवा येता."

"सुरू केल्या केल्या?"

"ना. पयली बरी असता. इंजिन तापला काय सुरू."

"हे आधी सांगितलं होतं?"

"दोनय वेळां सांगलंय."

त्याने सांगितलं होतं. लिहून घेणाऱ्याने मात्र 'कूलिंग प्रॉब्लेम' एवढंच लिहिलं होतं. पेशंटने 'जेवलो की उजव्या कुशीत दुखतं' म्हणावं आणि डॉक्टरने 'बरं वाटत नाही' लिहून घ्यावं, तसा प्रकार.

मास्तर म्हणजे त्याच्याच गावचे निवृत्त शिक्षक. एकटेच राहायचे. त्यांना डायलिसिससाठी डिचोलीला आणायचं नि न्यायचं काम गुरुदासचं. मशीनवरून उठल्यावर माणूस पिळून टाकल्यासारखा होतो. गेल्या खेपेला घरी जाताना मास्तरांना त्या गरम हवेत घेरी आली. दोडामार्गजवळ गाडी थांबवून त्यांना रस्त्याकडेच्या दुकानात आडवं करावं लागलं होतं. मागच्या सीटवर चढणं त्यांच्या गुडघ्यांना जमत नसे. खिडकी उघडावी तर मार्चचा उन्हाळा आणि ट्रकांची धूळ.

"आतां मास्तर म्हणतत, तू येव नको, मी बसान येतंय," गुरुदास म्हणाला. म्हणजे बसने. डायलिसिस झालेला म्हातारा माणूस, बसने. आता या क्षणीही मास्तर मशीनवर होते. ते उठायच्या आत गाडी तिथे पोचायला हवी होती.

मी साहेबांना म्हटलं, "कॉम्प्रेसरला डावं-उजवं नसतं, साहेब."

"मॅडम, माझा अनुभव आहे."

अनुभव होता, नाही असं नाही. एकच अनुभव ते पुन्हा पुन्हा घेत होते.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. गाडीच्या डॅशबोर्डमागे प्लॅस्टिकची एक मोठी पेटी असते. तिच्यात दोन जाळ्या. एक थंड, तिला आम्ही कूलिंग कॉइल म्हणतो. कॉम्प्रेसर आणि गॅस मिळून ती गार करतात. दुसरी गरम, म्हणजे हीटर. तिच्यातून इंजिनचं उकळतं पाणी फिरत असतं. आपल्या गोव्यात हीटर कोणी लावत नाही, पण म्हणून तो गाडीतून निघून जात नाही. या दोन जाळ्यांमध्ये एक पातळ फळी असते, फ्लॅप. बटण निळ्या टोकाकडे फिरवलं की फ्लॅप हीटरचं तोंड बंद करतो. तेवढंच त्याचं काम.

आता, गॅस कमी असला तरी कधीकधी एक बाजू गार आणि दुसरी कोमट येते. कॉइलच्या एकाच भागात गारवा पोचतो म्हणून. त्यामुळे गॅसचा संशय घेणं हा गुन्हा नव्हता. तो न मोजता भरणं हा होता. मी आमचा एसी टेक्निशियन रमाकांत याला गॅस पूर्ण काढून त्याचं वजन करायला सांगितलं.

"कमी असेल, मॅडम."

"काढ तर."

पाहिजे त्यापेक्षा चांगलाच जास्त निघाला. दोनदा वरून ओतलेला. रमाकांत काट्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "साहेबांनी सांगितलेलं, भर म्हणून." एवढं बोलून तो कामाला लागला. हेही आमच्याकडे चांगलं असतं. दोष नेहमी वरच्याचा, आणि वरचा कधी खाली येत नाही.

योग्य तेवढा गॅस भरून घेतला आणि मी विचारलं, "मागच्या दोन वेळी टेस्ट ड्राइव्ह कोणी घेतली?"

पहिल्यांदा रमाकांतने. दुसऱ्यांदा खुद्द साहेबांनी. दोघांचाही शेरा 'ओके'.

"बाजूला कोण बसलं होतं?"

कोणीच नाही. दोघेही एकेकटे गेले होते. गाडी चालवणारा बसतो उजवीकडे. उजवीकडे हवा गार. साहेब छान थंडगार हवा खात वाळपई रस्त्याला फेरी मारून आले होते आणि गुरुदासला त्यांनी सांगितलं होतं, "तुम्हाला वाटतंय तसं काही नाही." ज्या सीटची तक्रार, त्या सीटवर आमच्या अख्ख्या वर्कशॉपातलं एकही माणूस बसलं नव्हतं.

मी डावीकडे बसले आणि गुरुदासला चालवायला सांगितलं. बाजार ओलांडेपर्यंत हवा बरी होती. इंजिनचा काटा मध्यावर आला आणि माझ्या तोंडावर भाकरीच्या तव्यावरून यावी तशी वाफ आली. थर्मामीटर लावायची गरज नव्हती, तरी लावला. साहेबांना तोंडावरची वाफ दाखवता येत नाही, आकडा दाखवता येतो.

परत येऊन हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी पाइपांना चिमटे लावले. उकळतं पाणी बंद. थोड्याच वेळात डावीकडची हवा गार झाली. चिमटे काढले, पुन्हा गरम. म्हणजे कॉम्प्रेसर ठणठणीत होता. हीटरचं तोंड डाव्या अंगाला उघडं राहत होतं.

साहेब बाहेर आले. "मग फ्लॅप खराब. पेटीच बदलून टाका, अख्खी. कंपनीचा डिफेक्ट."

"आधी बघू या का?"

"काय बघायचं?"

काय बघायचं! हा प्रश्न एका इंजिनियरने विचारला होता.

पायाशी हवा येते त्या तोंडातून मी छोटा कॅमेरा आत सरकवला. रमाकांत आणि गुरुदास दोघेही स्क्रीनवर वाकले. फ्लॅप दिसला. उजवं टोक नीट बसलेलं. डावं टोक उचललेलं आणि फळी पीळ बसल्यासारखी वाकलेली. त्या टोकाखाली काहीतरी चकाकत होतं.

"स्क्रू," रमाकांत म्हणाला.

लांबलचक स्क्रू. बाहेरून पेटी भोसकून आत घुसलेला. फ्लॅप दर वेळी त्याच्यावर अडायचा, एका टोकाला बंद व्हायचा आणि दुसऱ्याला उघडा राहायचा. फळी लवचीक, त्यामुळे बटण मात्र निळ्या टोकापर्यंत विनातक्रार फिरायचं.

मी ग्लव्ह बॉक्स उतरवला. मागे एक अॅम्प्लिफायर होता, स्पीकरचा आवाज वाढवायचा डबा. पेटीची सपाट बाजू कोणाला तरी सोयीची भिंत वाटली होती, आणि त्याने डबा तिच्यावर ठोकला होता.

"हो खंय बसवलास?" मी गुरुदासच्याच भाषेत विचारलं.

"हंयच. गणपतीच्या चवथीक गाडी घेतली तेवां ऑफरीत फुकट दिल्यानी. मी मागूक नसलंय. तेवां पावस, मगे थंडी, एसी कोण लावता? मार्चात कळला."

आमच्याच अॅक्सेसरीज काउंटरवर. साहेबांच्या केबिनला लागून असलेल्या.

मी साहेबांकडे बघितलं. साहेब अॅम्प्लिफायरकडे बघत होते. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, स्क्रू म्हणू नका. रिपोर्टमध्ये 'फॉरेन मटेरियल' लिहा."

"फॉरेन कसलं? आपल्याच काउंटरचा आहे."

"कस्टमरसमोर नको. तुम्ही नवीन आहात इथे. जरा विचार करा."

मी विचार केला. फार वेळ लागला नाही. गुरुदास चार पावलांवर उभा होता आणि हातातल्या मोबाइलवर वेळ बघत होता. मास्तर उठायची वेळ झाली होती. या माणसाला आम्ही दोनदा भ्रमिष्ट ठरवून परत पाठवलं होतं.

मी मोठ्याने म्हटलं, "गुरुदास, स्क्रू आमच्याच माणसांनी मारला. चूक आमची. तुम्ही पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होता."

तो चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "माका वाटूक लागलेला, माकाच काय तरी जाला." साहेब तोवर फोन आल्यासारखा चेहरा करून आत गेले होते. फोन आला नव्हता.

स्क्रू काढला. भोक बंद केलं. फ्लॅपची कड थोडी चेपली होती, पण तोंड बऱ्यापैकी मिटत होतं. त्या दिवसापुरतं चालण्यासारखं. मी पुन्हा डावीकडे बसले आणि आम्ही तसेच डायलिसिस सेंटरवर गेलो. इंजिन तापलं. हवा गारच राहिली.

मास्तर बाहेरच्या बाकावर बसले होते. दंडाला पट्टी, चेहरा राखेसारखा. मी उतरून त्यांना हात धरून बसवलं. गुरुदासने गाडी सुरू केली. मास्तरांनी समोरच्या जाळीवर तळवा धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"गार आहे रे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बाई, काय झालं होतं?"

"एक स्क्रू लांब होता, मास्तर."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी डोळे मिटून घेतले. गाडी निघाली तेव्हा ते झोपलेले होते.

पुढच्या आठवड्यात पेटी नवी बसवली. साहेबांनी अॅक्सेसरीजवाल्यांना सांगून गुरुदासला दिलगिरी म्हणून काही भेट द्यायचं ठरवलं. काय द्यावं? दुसरा, मोठा अॅम्प्लिफायर. गुरुदास हात जोडून म्हणाला, "मॅडम, तेच्यापरस कॉम्प्रेसर बदला." आयुष्यात त्याने वर्कशॉपात मारलेला हा पहिला विनोद असावा. साहेबांना कळला नाही.

रिपोर्टमध्ये मी 'स्क्रू' लिहिलं. वर जाईपर्यंत त्याचं 'फॉरेन मटेरियल' झालंच. साहेबांचं मात्र मीटिंगमध्ये कौतुक झालं, अवघड केस सोडवल्याबद्दल. त्यांनी मग नोटीस लावली, की यापुढे एसीची टेस्ट ड्राइव्ह दोघांनी घ्यायची. परवाच रमाकांत गाडी घेऊन निघाला तेव्हा मी बघितलं. दुसरा माणूस होता. मागच्या सीटवर, मोबाइलमध्ये डोकं घालून.

एसी तपासायचा असेल तर ज्याला गरम होतंय त्याच्या जागी जाऊन बसावं. याला डिग्री लागत नाही, अनुभव लागत नाही. बूड लागतं, आणि ते केबिनमधल्या खुर्चीतून उचलावं लागतं.