सगुणाबाईंची ओटी

सगुणाबाई पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आल्या, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि फाईल ठेवावी तसा माझ्या टेबलावर ठेवला. मनगटापासून करंगळीपर्यंत कातडी आकसलेली, तीन बोटं आत वळून तशीच थांबलेली. काय झालं म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "आदी प्यायला पाणी द्या." मी ग्लास पुढे केला. त्यांनी तो डाव्या हातात घेतला, पाण्याकडे नीट पाहिलं, एका दमात संपवला आणि स्वतःशीच बोलल्या, "उतरलं." मग बसल्या.

पुढची तीन वर्षं हे असंच चाललं. तारीख असो वा नसो, पाऊस असो वा ऊन, आधी पाणी, मग "उतरलं", मग बोलणं. सुरुवातीला मला वाटायचं, दौंडकडच्या एसटीने उभ्या उभ्या येतात, दमत असतील.

मी शिरूरच्या कोर्टात वकिली करते. विधी सेवा समितीकडे अर्ज केला की बायकांना फुकट वकील मिळतो. सगुणाबाईंच्या अर्जावर माझं नाव निघालं. खरं सांगायचं तर मला काही आनंद झाला नव्हता. कुत्रं चावल्याच्या भरपाईचा दावा! बाररूममधल्या एकाने माझ्या पाठीमागे भुंकून दाखवलं आणि मीही सगळ्यांबरोबर हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

सगुणाबाईंचं माहेर केंदूरचं. वडील मेंढरं घेऊन हिंडणारे, आणि ह्या दहा वर्षांच्या होईपर्यंत त्यांच्यामागे चालत होत्या. मेंढरं गेली, वडिलांनी जमिनीचा तुकडा घेतला, आणि ह्यांचं लग्न भीमेकाठच्या एका गावात झालं. नवरा सणसवाडीच्या एका कंपनीत सिक्युरिटीला. घरी सासू, दोन मुली, आणि स्वतःची थोडकी जमीन. कांदा काटणीला मात्र ह्यांचा हात गावात पहिला. मुकादम आधी ह्यांना विचारायचा आणि मग बाकीची टोळी जमवायचा.

त्या सकाळी त्या कालव्याच्या चारीच्या कडेने काटणीलाच निघाल्या होत्या. वाटेत चेअरमनचा बंगला. त्यांना सगळा गाव चेअरमन म्हणतो. कशाचे, ते विचारायची पद्धत नाही. त्यांनी राखणीला परदेशी जातीचं वासराएवढं कुत्रं पाळलेलं. फाटक उघडं आणि कुत्रं मोकळं.

"पळाला नाहीत?" मी विचारलं.

"कुत्र्याम्होरं पळत असत्यात व्हय, ताई? उभी ऱ्हायले. त्यानं गळ्यावर उडी घेतली. हात मदी घातला म्हून तुमच्याम्होरं बसलीया." आणि पुढे म्हणाल्या, "कुत्र्यावर माझा राग न्हाई बरं का. त्येला कुणी शिकवलंच न्हाई, तर त्यो काय करंल? राग धन्यावर हाय."

पहिल्या दवाखान्यात लस होती, पण जखमेत भरायचं औषध नव्हतं. ते दौंडला मिळेल म्हणाले. दौंडला गेल्यावर कुणी पुण्याचं नाव काढलं. रक्ताने भिजलेला टॉवेल हाताला गुंडाळून ही बाई दिवसभर गाड्या बदलत होती. पोलिसांत गेल्या तर तिथला हवालदार म्हणाला, "कुत्र्यावर काय गुन्हा दाखल करू, मावशी?" ठाणं कोणतं ते मी लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक त्या एकाच ठाण्याला शिव्या घालतात आणि बाकीची सुटतात.

पण सगुणाबाईंचा खरा संताप वेगळाच होता. त्यांच्या वडिलांच्या मेंढरांच्या तळावरचं कुत्रं कुणाला चावलं, तर वडील ते कुत्रं साखळीला धरून चावलेल्या माणसाच्या दारी जात. तिथेच बांधत. दहा दिवस स्वतः भाकरी घेऊन जात, त्याला खाऊ घालत आणि त्या माणसासमोर बसत. "दहा दिस कुत्रं जित्तं ऱ्हायलं, पाणी प्यालं, म्हंजी माणसाला भ्या न्हाई. चावल्याल्या माणसाच्या डोळ्यांनी त्येला बघाया पायजे. धन्यानं सांगून काय उपेग?"

चेअरमनने काय केलं? दुसऱ्या दिवशी कुत्रं गायब. कुणी म्हणे दौंडकडच्या पाहुण्यांच्या मळ्यात पाठवलं, कुणी म्हणे विकलं. सगुणाबाईंनी सासूला पाठवून निरोप दिला, एकदा कुत्रं दाखवा. उत्तर आलं, कसलं कुत्रं?

म्हणजे इंजेक्शनं सगळी घेतली तरी ह्या बाईच्या मनात ती भीती राहिलीच. कुणीतरी सांगितलेलं, पिसाळलेलं कुत्रं चावलं तर महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा लागण दिसते आणि पाणी गळ्याखाली उतरत नाही. रोज पहाटे उठून त्या आधी तांब्याभर पाणी प्यायच्या, मुली उठायच्या आत, कुणी बघत नसताना. उतरलं की चूल पेटवायच्या. हे त्यांनी मला वर्षभराने सांगितलं. त्यानंतर त्यांचा ग्लास रिकामा होईपर्यंत मी फाईल उघडायचे नाही.

मी दावा दाखल केला. चेअरमनच्या वकिलांनी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली. मी कितीतरी कैफियती वाचल्या आहेत, पण ही वाचून माझं डोकंच फिरलं. थोडक्यात ती अशी होती: कुत्रं आमचं नाही, कुत्रं कुणाला चावलेलंच नाही, आणि चावल्याबद्दल आम्ही वादीला पूर्ण भरपाई दिलेली आहे. सोबत दोन पुरावे जोडलेले. एक फोटो आणि एक कागद. फोटोत चेअरमनच्या पत्नी सगुणाबाईंची ओटी भरतायत. कागदावर लिहिलेलं, साडीचोळी, नारळ व रोख रक्कम मिळाली, आता काही तक्रार नाही. खाली सही, सगुणाबाईंची. फोटोतली आणि कागदावरची तारीख एकच, चावल्याच्या चौथ्या दिवसाची.

मी फाईल टेबलावर आपटली. "हे मला आधी का सांगितलं नाहीत?"

"वटी भरल्याली सांगायची असती व्हय कुणाला?"

"पैसे घेतलेत?"

"एक रुपाया न्हाई. वैनी आल्या, साडी-नारळ घिऊन. मी म्हनलं नको. तर आत्या म्हनल्या, दारात आल्याली वटी माघारी लावती का कुणी? मी हात म्होरं केला न्हाई, पदर म्होरं केला. वटी पदरात घेत्यात, ताई. ती काय लाच हाय?"

आत्या म्हणजे सासू. त्यांची बाजू पहिल्यापासून हीच, मोठ्या माणसाशी वैर नको, मुलींची लग्नं व्हायचीयत. आणि सुनेला तरी दुसरं कुठं सुचणार होतं? सवाष्णीने ओटी नाकारायची म्हणजे भरणारीचं वाईट चिंतायचं, असंच आमच्याकडे सगळ्या धरून चालतात. मीसुद्धा नाकारली नसती. ज्या माणसाने हा फोटो काढायचं ठरवलं त्याला हे पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच मला तो माणूस कुत्र्यापेक्षा वाईट वाटतो. तेव्हापासून माझ्याकडे कुणीही आलं की कागदपत्रं मागायच्या आधी मी विचारते, समोरच्यांकडून ओटी, टॉवेल-टोपी, पेढे, काही घेतलंय का? लोक चमकतात. घेतलेलं असतं.

त्या दिवशी मात्र मी सगुणाबाईंवर खूप चिडले. केस गेली, असंही म्हणाले. त्यांनी डावा हात फाईलकडे केला. मग म्हणाल्या, "ती तस्वीर द्या बगू."

त्यांनी फोटो खिडकीपाशी नेला. पाचशे मेंढरांत आपलं कोकरू ओळखायची सवय असलेली ती नजर. बराच वेळ पाहून त्यांनी फोटो माझ्यापुढे ठेवला. "ताई, ह्यात माझा उजवा हात दावा."

मी पाहिलं. उजवा हात होता, पण कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत पांढऱ्या पट्टीत. एकही बोट बाहेर नव्हतं. पदराचं एक टोक त्यांनी डाव्या हातात धरलेलं. दुसरं टोक धरून शेजारी सासू उभी, कारण सुनेला ते धरताच येत नव्हतं.

"मला डाव्यानं सही येती का, इच्यारा. उजव्यानंच शिकले, त्येबी पोरीच्या पाटीवर. मग त्या दिशी ही सही केली कुणी?"

मी, वकील, दहा वेळा तो फोटो पाहिलेली बाई, आणि मला हे दिसलं नव्हतं.

उलटतपासणीला चेअरमन पांढऱ्या कडक कपड्यांत आले. मी विचारलं, "सही तुमच्यासमोर झाली?" म्हणाले, "हो." "कोणत्या हाताने?" "उजव्या." "फोटो त्याच वेळचा?" "हो, हो, त्याच वेळचा." मग मी फोटो त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, यातला उजवा हात न्यायालयाला दाखवा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मागच्या बाकावरून सगुणाबाई टक लावून पाहत होत्या.

न्यायाधीशांनी मधे एकदा तडजोडीचं विचारलं होतं. सगुणाबाई उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "सायेब, पैशाचं मागनं बघू. आदी कुत्रं दावा." कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी समोरच्या वकिलांना विचारलं, कुत्रं कुठं आहे? वकील म्हणाले, आमच्या अशिलाचं कुत्रंच नाही. झालं, पुढची तारीख.

मी एकदा म्हटलं, चेअरमनच्या पत्नीही या कटात असतील. तर सगुणाबाई माझ्यावरच उखडल्या. "तिनं मनापासून भरली आसंल. फोटू काडणारा हात तिचा न्हवता. पर ती कोर्टात येऊन त्येवढं बोलली न्हाई, ह्ये मी इसरायची न्हाई."

निकाल आमच्या बाजूने लागला. कुत्रं चेअरमनचंच, हलगर्जीपणा त्यांचाच, सहीचा कागद विश्वास ठेवण्याजोगा नाही, भरपाई द्यावी. मी पेढे आणले. सगुणाबाईंनी पेढा डाव्या हातात घेतला आणि विचारलं, "आता त्ये माझ्या दारात येऊन बोलत्याल का, की कुत्रं आमचं व्हतं?" मी म्हटलं, कोर्टाने म्हटलंय ना. "कोर्टानं म्हनलंय. त्येंनी कुठं म्हनलंय?"

महिन्याभरात चेअरमनने पुण्याला अपील केलं आणि निकालाला स्थगिती मिळवली. मी ते कसं सांगावं या विचारात असताना त्याच म्हणाल्या, "म्हंजी कुत्रं आजून मोकळंच हाय." कांदा काटणी त्यांना आता जमत नव्हती. ज्या टोळीला त्या शिकवायच्या, तिच्यामागे फिरून त्या पाती गोळा करत होत्या. मुकादम निम्मी मजुरी द्यायचा आणि वर उपकार केल्यासारखा बोलायचा.

अपिलाची दुसरी तारीख लागायच्या आधी सगुणाबाई गेल्या. ताप आला, काविळीवर गेला, आठ दिवसांत संपलं. कुत्र्याचा आणि त्यांच्या मृत्यूचा काही संबंध नाही, हे मी वकील म्हणून लिहून ठेवते. पण शेवटच्या दोन दिवसांत पाणी गिळवेना, तेव्हा ती बाई काय समजून गेली असेल, हा विचार मला अजून सोडत नाही. एकदा कुत्रं दाखवलं असतं तर निदान तेवढं तरी वाचलं असतं. एवढंच तर मागत होती.

मी पोचले तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. सवाष्ण गेलेली, म्हणून हिरवी साडी नेसवून, मळवट भरून ठेवलेलं. नवरा सणसवाडीहून ड्रेसवरच आलेला, भिंतीला टेकून बसलेला. बायका एकेक करून ओटी भरत होत्या आणि सासू उशाशी बसून सुनेचा पदर पसरून धरत होती. मीही भरली.

तेवढ्यात गाडी थांबली आणि चेअरमनच्या पत्नी आल्या. हातात खण, नारळ. डोळे रडून सुजलेले होते, खोटं कशाला सांगू. त्यांना पाहताच बायका आपोआप बाजूला सरकल्या, सवयच तशी. त्या खाली वाकल्या.

म्हातारीने पसरलेला पदर गोळा केला, सुनेच्या अंगावर नीट घेतला आणि तो वळलेला उजवा हात उचलून त्याच्यावर ठेवला.

"न्हाई, वैनी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण अंगणाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "त्या दिशी पदराचं दुसरं टोक म्याच धरलं व्हतं. आज न्हाई धरायची."