जुनी पॉलिसी फाडू नका

माझ्या घरात जुना कागद टिकत नाही, हे तुम्ही मुलं सुट्टीत आलात तेव्हा पाहिलंच आहे. नवं बिल आलं की जुनं फाडायचं. ही शिस्त मला ऑफिसने लावली आणि ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला मी लावली. मागच्या हिवाळ्यात तिची किंमत भाईंना मोजावी लागणार होती.

भाई म्हणजे इथे आखातात, शहराबाहेरच्या जहऱ्याचे ड्रायक्लीनर, मूळचे रत्नागिरीकडचे. तुमच्या आईचा लग्नातला शालू त्यांनीच धुतला होता. तीसेक वर्षं चालवलेलं दुकान त्यांनी बंद केलं, यंदाचा रमजान घरी असं बायकोला कळवलं आणि सामान बांधायला घेतलं. तेवढ्यात जागेच्या मालकांनी दुकान पाडून तळघर खणायला सुरुवात केली. मातीला कपडे धुण्याच्या औषधाचा वास येत होता. तपासणी झाली तेव्हा कळलं, मागच्या टाकीतून ते औषध वर्षानुवर्षं जमिनीत झिरपत होतं. मालक कोर्टात गेले आणि जमीन साफ होईपर्यंत भाईंना देश सोडायला मनाई झाली.

ते शहराच्या या टोकाला, सलव्याला आमच्या घरी आले. समोरचा चहा निवून गेला.

"वहिनी, जन्मभर लोकांचे कपडे धुतले. आता मालक बोलतो, जमीन धू."

"तुमची लायबिलिटी पॉलिसी होती ना?" मी विचारलं. मी त्या काळी शहरातल्या एका विमा कंपनीत टायपिस्ट होते आणि भाईंची पॉलिसी माझ्याच टेबलावरून जायची. आपल्या धंद्यामुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं, तर ते या विम्यातून भरून द्यायचं.

"होती. तिची मुदत संपून जमाना झाला."

"संपू दे. ती कुठे आहे?"

भाईंनी कप बाजूला सारला. "तुम्हीच बोललात, नवी आली की जुनी फाडा, घोटाळा नको. दरवर्षी फाडली. तुमच्या हुकमाबाहेर जायची कुणाची हिंमत?"

मी खरंच तसं सांगायचे, काउंटरवर आलेल्या प्रत्येकाला. मोटारीच्या विम्याला ते चालून जातं. पण या पॉलिसीचं तसं नसतं, आणि ती रोज टाइप करूनही मी त्याचा कधी विचार केला नव्हता. ज्या वर्षाची पॉलिसी, त्या वर्षात झालेल्या नुकसानीला ती बांधलेली असते. ते नुकसान उघडकीला वीस वर्षांनी का येईना. पुढे कंपनीने प्रदूषण वगळल्याचं कलम घातलं. ते कलमही मीच टाइप केलं होतं. म्हणजे उपयोगाच्या होत्या त्या सुरुवातीच्या पॉलिसी, नेमक्या फाडलेल्या.

दुसऱ्या दिवशी मी भाईंना घेऊन माझ्या जुन्या ऑफिसात गेले. इमारत नवी, माणसं नवी. खिडकीतल्या बाई सौजन्याने बोलल्या, पण पॉलिसी नंबर नसेल तर काही शोधता येणार नाही म्हणाल्या. तितकी जुनी दप्तरं त्यांच्याकडे उरलीही नव्हती.

परतताना भाईंच्या गाडीत मी विचारलं, "खरं सांगा, तुम्ही विमा काढलातच का? तुम्ही काही आपणहून विमा काढणारे नव्हे."

"मी कशाला काढतोय! मालक काढायला लावायचा. विम्याचा कागद दाखवल्याशिवाय भाडेकरारावर सही करायचा नाही."

मी त्यांना गाडी जहऱ्याकडे वळवायला सांगितली. मालकांना दाखवायला विम्याचा एकपानी दाखला लागायचा. दर वर्षी पॉलिसीबरोबर तोही मीच टाइप करून द्यायचे.

मालक वयाने माझ्याएवढेच असतील. त्यांनी कॉफी दिली आणि मग भाईंकडे न बघता मला अरबीत म्हणाले, "यांनी माझी माती नासवली. आता माझी फाइलही हवी?"

"फाइल तुमच्या फायद्याची आहे," मी माझ्या ऑफिसच्या अरबीत म्हटलं. "यांच्याकडून तुम्हाला काय मिळणार? एक इस्त्री. विमा कंपनीकडून माती साफ होईल."

"या वकील आहेत का?" त्यांनी भाईंना विचारलं.

"नाही हो," भाई म्हणाले. "वकील परवडला. या शिस्तीच्या आहेत."

मालक हसले आणि आतून एक जाड फाइल घेऊन आले. पहिल्या करारापासूनचा प्रत्येक करार तिच्यात होता आणि बहुतेकांना मागे तो दाखला टाचलेला होता. वर पॉलिसी नंबर, खाली डाव्या कोपऱ्यात आमच्या साहेबांची आद्याक्षरं, त्यांच्याशेजारी लहान अक्षरांत टायपिस्टची, म्हणजे माझी. टाचण्यांचा गंज कागदावर उतरला होता, पण आकडे स्वच्छ होते. माझ्यापेक्षा शिस्तीचा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि त्याची शिस्त माझ्या बरोबर उलट होती.

पुढचं काम सावकाश झालं. कंपनीने आधी नाही म्हटलं. मग दाखले तपासले, मला बोलावून आद्याक्षरांबद्दल विचारलं, पाहणीला माणूस पाठवला. दोन वर्षांचे दाखले मिळालेच नाहीत. तेवढ्या भागाचा भार मालक आणि भाई यांनी वाटून घेतला. बाकीची माती कंपनीच्या खर्चाने निघाली. मालकांनी कोर्टातला अर्ज मागे घेतला, पण तोवर अर्धा रमजान उलटला होता.

मनाई उठल्यावरही भाई तीन दिवस थांबले. शेवटचा ट्रक भरताना त्यांना स्वतः बघायचा होता. खड्ड्याच्या काठावर उभे राहून ते म्हणाले, "आता वास येत नाही ना, वहिनी? माझं नाक तर कधीच गेलं." मी वाकून नीट वास घेतला. नुसत्या मातीचा होता. तसं मी त्यांना सांगितलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गावाहून फोन आला. मागे भांड्यांचा आवाज होता, रोजा नुकताच सुटला होता. "बायको विचारते, एवढे जुने कागद बॅगेत भरून कशाला आणलेत?"

"मग काय सांगितलंत?"

"बोललो, वहिनींनीच सांगितलं."

खरंच सांगितलं होतं. फक्त या वेळी, फाडू नका असं.