झ्यूसला पोरगी कोण देणार?

प्रत्येक घरात दारामागे एक पिशवी टांगलेली असते आणि तिच्यात पिशव्याच पिशव्या कोंबलेल्या असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण टाकून द्यायलाही जीव होत नाही. शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से असेच साठतात. मैत्रिणी जमल्या की "काढ गं तुझे ग्रीक" म्हणतात, आणि एक ओढायला गेलं की चार बाहेर पडतात!

तर आधी एवढं सांगते. मी आखाडा बाळापूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे पुढच्या वर्षी आपण असू की नसू, ते दर वर्षी नव्यानं कळतं. माझ्याकडे बी.ए.चा एक पेपर आहे, 'ग्रीक पुराणकथा आणि समाजमूल्ये'. तो आमच्याकडे कसा येऊन पडला, हे कुणालाच ठाऊक नाही. आमच्या प्राचार्यांना तो बंद करायचा होता. "मॅडम, बाळापुरात झ्यूस काय कामाचा?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटी ठरलं असं, की जानेवारीत विद्यापीठाची कमिटी येणार, ती म्हणेल ते खरं. पेपर राहिला तर मी राहणार, पेपर गेला तर मी घरी!

आणि माझं सगळं भवितव्य ज्यांच्या हातात, तो वर्ग कसा होता ते आता ऐका.

* * *

पहिलाच तास. देवांचा राजा झ्यूस, डोंगरावर राहणारा, विजा पाडणारा. मी जरा रंगवूनच सांगितलं. त्याची बायको हेरा ही लग्नसंस्थेची देवी, आणि हा मात्र कधी बैल होऊन, कधी हंस होऊन दुसऱ्या बायकांच्या मागे. ग्रीक समाजात पुरुषाला किती मोकळीक होती आणि बाईला किती बंधनं, हे मला त्यातून काढायचं होतं.

पहिल्या बाकावरची प्रतीक्षा उभी राहिली. ही आमच्या वर्गाची वकील. घरी तिला स्थळं बघणं सुरू होतं, त्यामुळे आधीच तापलेली.

"मॅडम, असल्या माणसाला पोरगी दिली कोणी? चौकशी न्हाई केली का?"

मी म्हटलं, "देवांचा राजा होता ना तो!"

"म्हंजी घर बघून दिली," प्रतीक्षा म्हणाली. "डोंगरावर सोताचं घर, गडगडाट करणारा मोठा माणूस, अन् वीज तर घरचीच! लोडशेडिंग न्हाई! आई-बाप तेवढंच बघत्यात मॅडम. पोरगा हंस होऊन कुठं फिरून राहिला, ते कोण बघतं?"

हेराची बाजू इतक्या कळवळ्यानं कुणी मांडलेली मी तरी ऐकली नव्हती. मी माझ्या नोट्स मिटून ठेवल्या.

* * *

आमच्या घरचा किस्सा छोटा आहे. आम्ही बौद्ध. आजोबांच्या काळातच घरातले सगळे देव गेले. एका रविवारी मी टेबलावर चित्रांचे प्रिंटआऊट पसरून बसले होते. झ्यूस, अथेना, समुद्राचा देव, दारूचा देव. आई चहा घेऊन आली, एकेक चित्र उचलून बघितलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी आपोआप सरळ बसले.

"एवढी तकलीफ करून आपून इथले सगळे सोडले," आई म्हणाली, "अन् तू बाहेरदेशातले घरात घिऊन आली व्हय?"

मी म्हटलं, "आई, हे अभ्यासाला आहेत गं! पूजेला नाहीत!"

"पयले समदे अभ्यासालाच येतेत," आई म्हणाली आणि चहाचा कप बरोब्बर झ्यूसच्या तोंडावर ठेवला.

* * *

गंगाधरबद्दल मात्र नीट सांगायला हवं. हा सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचा. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि बाकी सगळा कारभार मेंढरांचा. बाळापुरात खोली करून राहतो. तोंडातून शब्द फुटायला महिना लागला, पण एकडोळ्या राक्षसाच्या तासाला फुटला!

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. भटकणारे खलाशी एका गुहेत शिरतात, तिथलं चीज खातात. गुहेचा मालक एकडोळ्या राक्षस मेंढरं घेऊन परत येतो आणि एकेका खलाशाला खायला लागतो. मग ते त्याचा डोळा फोडतात. सकाळी राक्षस मेंढरांच्या पाठी चाचपत त्यांना बाहेर सोडतो, आणि हे त्यांच्या पोटाला लटकून निसटतात. ग्रीकांमध्ये पाहुणचाराला फार किंमत. पाहुण्यानं कसं वागायचं आणि यजमानानं कसं, याचे नियम पक्के. म्हणून मी विचारलं, "इथे नियम कोणी मोडला?"

गंगाधर उठला. "आधी पाहुण्यांनी. धनी घरात न्हाई अन् हे आत घुसून खाऊन राहिले!"

मी खूश! पण हा खाली बसेना.

"पर मॅडम, राक्षसाची बी चूक हाय."

"माणसं खाल्ली, ती ना?"

"ती तर हायच. पर मेंढ्याच्या पोटाला एवढा मोठा माणूस लटकला अन् ह्याला पाठीवर हात फिरवून कळलं न्हाई? डोळा गेला तर गेला, हात तर होते! ह्याच्या ताब्यात मेंढरं दिली कोणी?"

तास संपला तरी त्याचा राग गेला नाही. शनिवारी तो गावाकडे गेला. सोमवारी वर्गात आला तो दोन्ही कोपरांना पट्ट्या बांधून.

"काय झालं रे?"

"आमच्या मेंढ्याला लटकून बघितलं, मॅडम," गंगाधर गंभीरपणे म्हणाला. "दोन पावलं बी न्हाई चालला. बसला माझ्यावर. गोष्ट खोटी हाय."

सगळ्या जगात ग्रीक पुराणांवर एवढं संशोधन झालं, पण मेंढ्याला लटकून बघणारा आमचाच पहिला असणार!

* * *

स्टाफरूममध्ये माझा एकच आधार, भूगोलाचे शेख सर. माणूस दिलदार, पण कोणाची कधी फिरकी घेतील नेम नाही. मी त्यांना डबा खाता खाता प्रोमिथियसची गोष्ट सांगत होते. त्यानं देवांकडचा अग्नी चोरून माणसांना दिला, म्हणून झ्यूसनं त्याला डोंगराला बांधलं. रोज गरुड येऊन त्याचं यकृत खायचा, आणि रात्रीतून ते पुन्हा उगवायचं.

समोर आमचे हेडक्लार्क बसले होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"नोटीस दिली होती का?" त्यांनी विचारलं.

"कोणाला?"

"त्या प्रोमिथियसला. आधी नोटीस, मग खुलासा, मग चौकशी. त्याशिवाय गरुड कसा लावला? कोर्टात दोन दिवस टिकणार न्हाई!"

शेख सर म्हणाले, "साहेब, झ्यूस खुद संस्थाचालक आहे. बंदा कोर्टात गेला असता तर गरुड दोन लावले असते!"

हेडक्लार्कनी थोडा विचार केला, मान हलवली आणि घास तोंडात घातला. "मग बराबर हाय," ते म्हणाले.

* * *

आता हा किस्सा मला महागात पडला.

त्या आठवड्यात मी वर्गात गर्वाचं शिकवत होते. ग्रीकांच्या लेखी सगळ्यात वाईट अपराध म्हणजे माणसानं स्वतःला देवाच्या बरोबरीचं समजणं. अराक्ने नावाची विणकर पोरगी देवीपेक्षा चांगलं विणते म्हणाली, तर देवीनं तिला जाळं विणणारा कोळी करून टाकलं. दुसऱ्या दिवशी प्रतीक्षा हळूच माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, नकाशात तुमी स्पार्टा शहर समुद्रात दाखवलं. पर आधी शब्द द्या, मला कोळी करणार न्हाई!"

शब्द दिला, स्पार्टा जमिनीवर आणलं.

नेमका त्याच दिवशी प्राचार्यांचा वाढदिवस. गेटवर केवढा तरी फ्लेक्स लागला. मध्ये सरांचा गॉगल लावलेला फोटो, खाली तळहाताएवढ्या अक्षरांत 'देवांचेही देव'! लावणारे कोण ते सांगत नाही, मलाही इथंच राहायचंय. दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. तास सुटायला आणि वावटळ यायला एकच गाठ पडली. फ्लेक्स फडफडला, फाटला आणि सांगाड्यासकट खाली आला. खाली कोणाची गाडी होती? सरांचीच! नवी!

सगळं कॉलेज गोळा झालं. सर फुटलेली काच झटकत होते. आणि मागून गंगाधरचा आवाज आला, अगदी निरागस:

"मॅडम, झ्यूसला मराठी वाचता येतं वाटतं!"

सरांनी गंगाधरकडे बघितलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं, "माझं आता काही खरं नाही." मला खरंच रडू आलं. मला तो पेपर आवडत होता, ती पोरं आवडत होती, आणि दुसरीकडे कुठे जायचं हेही माहीत नव्हतं.

* * *

आणि मग कमिटीचा दिवस.

आदल्या संध्याकाळी शेख सरांनी प्राचार्यांच्या कानात हळूच सोडून दिलं, "सर, ऐकलंय की कमिटी आजकाल वेष बदलून येते. मॅडमच्या त्या ग्रीक देवांसारखी." बस्स! सर रात्रभर झोपले नसावेत. सकाळी गेटवर स्वतः उभे.

दहाच्या सुमारास एक म्हातारा माणूस आत आला. स्वच्छ धोतर, डोक्याला पटका, हातात काठी. काही बोलायच्या आत सरांनी त्याचा हात धरला.

"या सर, या! ओळखलं आम्ही!"

"माझी एक शेळी..." म्हातारा म्हणाला.

"सगळं दाखवतो सर, सगळं दाखवतो!"

आधी लायब्ररी दाखवली. म्हाताऱ्यानं वाकून टेबलांखाली बघितलं. "बघा, तपासणी किती बारीक आहे!" सर हेडक्लार्कच्या कानात म्हणाले. मग लॅब दाखवली. तिथेही त्यानं कपाटामागे बघितलं. मग हॉलमध्ये शाल, श्रीफळ, फेटा, स्वागतगीत झालं, आणि कमिटीसाठी केलेलं श्रीखंड-पुरीचं जेवण म्हाताऱ्यानं आणि सगळ्या स्टाफनं मिळून पार संपवलं. शेवटी "आता सरांनी दोन शब्द मार्गदर्शन करावं" म्हणून माईक हातात दिला.

म्हातारा उठला. "शेळी तपकिरी हाय," तो म्हणाला. "डावा कान फाटका हाय. कोणाला दिसली तर सांगा."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट!

मी हे सगळं शेख सरांकडून ऐकलं. मी हॉलमध्ये नव्हतेच. माझ्या वर्गाला "आज तुम्ही मध्ये दिसू नका" असा निरोप होता, म्हणून आम्ही मागच्या लिंबाखाली सतरंजी टाकून डबे उघडले होते. एवढ्यात एक गृहस्थ घामाघूम होऊन चालत आले. सफारी, हातात जाड फाईल, बुटांवर धूळ. गाडी वारंगा फाट्याला पंक्चर झाली होती, तिथून कुठल्या तरी टेम्पोतून आले होते. गेटवर कुणी नाही, ऑफिसात कुणी नाही, सगळे हॉलमध्ये टाळ्या वाजवत! फाईलवर विद्यापीठाचं नाव वाचलं आणि मी हातातली भाकरी खाली ठेवली. हेच कमिटीचे अध्यक्ष!

मी उठायच्या आत गंगाधर पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यासमोर उभा.

"प्राचार्य कुठे आहेत?" ते ओरडले. "हे काय चाललंय इथे? मी कोण आहे, ठाऊक आहे का तुला?"

"न्हाई," गंगाधर म्हणाला. "अन् आमी इचारत बी न्हाई. आधी पाणी घ्या, जेवा."

"अरे, पण आधी नाव तर..."

"न्हाई सर," प्रतीक्षा मध्ये पडली. "पाव्हणा जेवल्याशिवाय त्याला तू कोण, कुठला इचारायचं न्हाई. ग्रीकांचा नियम हाय. मॅडमनी शिकवलंय."

मी मागून हातवारे करून थकले. कोण बघतंय! पोरांनी त्यांना सतरंजीवर बसवलंच. ज्वारीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, कांदा फोडून. पहिला घास त्यांनी रागात घेतला. दुसरा जरा सावकाश घेतला. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबला नाही. कोणी काही विचारत नव्हतं, फक्त वाढत होतं. हॉलमधून मधून मधून टाळ्या ऐकू येत होत्या.

जेवण झालं. गंगाधरनं हातावर पाणी घातलं. साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं, फाईल उचलली आणि जरा तोऱ्यात म्हणाले,

"झालं ना जेवण? आता विचार, मी कोण ते."

"नावाचं ऱ्हाऊ द्या, सर," गंगाधर म्हणाला. "आमच्या मॅडमला पुढल्या साली ठिवणार का न्हाई, तेवढं सांगा."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, फाईल बाजूला ठेवली आणि पुन्हा मांडी घालून सतरंजीवर बसले.

"मग अजून एक भाकरी वाढ," ते म्हणाले.