मशीन कंपनीचं, मग सोनाली कोणाची?

ज्या मशीनवर माझी नात राबली, त्याची पूजा आत चालली होती आणि ती गेटाबाहेर उभी होती. हे आधी ऐका, नमस्कार मागाहून करते.

खंडेनवमीला चाकणच्या कारखान्यांत मशीनची पूजा होते, त्या दिवशी घरच्यांनाही आत सोडतात. सोनाली कधीची मागे लागली होती, आजी, माझं मशीन बघायला चल. झेंडूचा हार केला आणि दोघी कासारवाडीहून निघालो. तुम्हाला जायचं असेल तर नाशिक फाट्यावर बस धरा, तीही सकाळी लवकर. मोशीच्या पुढं ट्रकांमागं ट्रक, बस हलतच नाही. चाकणला उतरून वडापाव खाल्ला. वडा गरम, चटणी पाणचट. पुढं शेअर रिक्षा. रिक्षावाल्यानं माणशी तीस मागितले, मी वीसच दिले.

गेटवर वॉचमननं अडवलं. पर्मनंट कामगारांच्या घरच्यांनाच परवानगी, आणि सोनाली ठेकेदाराची. शिवाय कालच तिला ब्रेक दिलेला. ब्रेक म्हणजे काही महिने झाले की काढायचं, मर्जी झाली तर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर परत घ्यायचं, म्हणजे पोरगी कधी कायम होत नाही. घरी बोलली नव्हती. आजच्या दिवस आत सोडतील असं तिला वाटलेलं.

पाहुण्यांना घ्यायला मॅनेजर गेटावर आला. तरणाच होता, कपाळाला ताजं कुंकू. त्याला गाठलं. तो म्हणाला, ठेकेदाराला विचारा. तिथंच मी ठेकेदाराला फोन लावला, तर तो म्हणतो मी फक्त माणसं पुरवतो, ठेवायचं का काढायचं ते कंपनी बघते.

"मग हिच्यावर सुपरवायझर ओरडायचा तो कुणाचा व्हता?" मी मॅनेजरला विचारलं.

"आजी, आता सगळीकडं असंच चालतं. पॉलिसी वरून येते."

"वर कोण हाय?"

त्यानं बोर्ड सांगितलं, शेअरवाले सांगितले, परदेशातलं ऑफिस सांगितलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "माझी नोकरी तरी कुठं कायम आहे?"

"मग तर तुला कळायला पायजे."

परतताना सोनालीनं हार बसच्या ड्रायव्हरला देऊन टाकला. त्यानं तो समोरच्या काचेला बांधला. पोरगी घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

जुन्या काळचे कारखान्यांचे शेठ काही देव नव्हते. शिव्या द्यायचे, पगार लांबवायचे. पण त्यांच्या पुढ्यात जाऊन भांडता यायचं. आताचा मालक कुठल्या मुलखात बसतो ते त्यालाच ठाऊक. धंद्याची तऱ्हा बदलली, तर मॅनेजरकीची नको का बदलायला? मालक दिसत नाही म्हणून यानंही ठेकेदाराच्या आड लपायचं? उलट आता समोर उभं राहायचं काम त्याचंच. ऑर्डरी कमी झाल्या तर माणसं कमी होणार, एवढं मलाही कळतं. पण ते आधी सांगा, तोंडावर सांगा.

चाकण बघून आले. कारखाने मोठे, रस्ते खराब, आणि जबाब द्यायला एक माणूस न्हाई.

तर मॅनेजरसाहेब, ठेकेदाराचा नंबर मला देऊ नका. सोनालीला परत घेणार का नाही, ते तुम्ही स्वतः गेटावर येऊन तिला सांगायचं.