हर्सूलच्या रस्त्यावरची शेड

माझी धाकटी बहीण रिक्षात बसली की तिचे प्रश्न सुरू व्हायचे. रिक्षा स्वतःची की भाड्याची? आजारी पडलात तर घर कशावर चालतं? उतरेपर्यंत बाई त्या माणसाच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आलेली असायची. मी म्हणायची, "बये, आपल्याला गुलमंडीला उतरायचंय, सोयरीक जुळवायची नाय."

ती अर्थशास्त्राची प्राध्यापक. मजुरांचं काम, त्यांचा रोज, सरकारनं त्यांच्यासाठी काय करावं, हा तिचा अभ्यास. आणि माझं म्हणाल तर पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, शाळेत उर्दू जाऊन मराठी आली, तेवढ्यात आई अंथरुणाला खिळली आणि माझ्या हाती चूल आली. पुढं धाकटी मोठ्यानं धडे म्हणायची ते भाकरी थापता थापता ऐकत मी शिकले. माझं लग्न फार टिकलं नाही, नवरा लवकर गेला. तिनं केलंच नाही. तर अशा आम्ही दोघी एका घरात.

शहराच्या मध्यात एका चौकात मजुरांचा अड्डा भरायचा. सकाळी बाया घमेली घेऊन उभ्या राहायच्या, मुकादम यायचे, बोलणी व्हायची, गाड्या भरून जायच्या. माझ्या बहिणीनं उमेदीची कितीतरी वर्षं त्या अड्ड्यावर घातली. तिच्या इस्त्रीच्या साडीला बघून बाया गप्प बसायच्या, म्हणून मी चहाचा थर्मास घेऊन सोबत जायची. मग बोलायच्या. कन्नड तालुक्याकडची एक होती, लई फाटक्या तोंडाची. म्हणायची, "मावशी, तुमच्या बहिणीला सांगा, लिहून लिहून हात दुखला तर आमच्यासंगं विटा उचलायला या. तेवढाच आराम."

बहिणीचा ठरलेला प्रश्न होता, "तुम्हाला इथं काय कमी आहे?" उत्तरं ठरलेली. डोक्यावर सावली नाही. प्यायला पाणी नाही. बाईमाणसाला आडोसा नाही, दिवसभर कळ काढायची. तिनं त्याचा मोठा अहवाल केला. तो वर्षानुवर्षं फिरत राहिला. ती चकरा मारायची, समित्यांपुढं बोलायची, घरी येऊन म्हणायची, "अक्का, एवढं एक झालं ना, तर मी उगाच शिकले नाही असं समजेन."

आणि झालं. अहो, खरंच झालं! हर्सूलच्या रस्त्याला, गावाबाहेर मोकळी सरकारी जागा होती, तिथं पत्र्याची ऐसपैस शेड उभी राहिली. नळ आले. दारं लावलेले संडास आले. उद्घाटनाला तिला शाल मिळाली, आणि मी वेडी टाळ्या वाजवताना रडले.

जुन्या चौकात लोखंडी कठडे बसले. इथं उभं राहू नये, अशी पाटी लागली.

पुढच्या महिन्यात आम्ही शेड बघायला गेलो. माणूस नाही. कुणीतरी कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या. नळ सोडला तर पाणी भसाभसा आलं, ते बघत आम्ही उभ्या राहिलो. मुकादम कशाला वाट वाकडी करून येईल तिथं? तो त्याच्या कामाच्या रस्त्यावर मजूर बघतो.

कन्नडवाली सापडली ती आमच्याच भागात, एका दुकानाच्या पायरीजवळ. एकटी. थर्मास पुढं केला तर तिनं घेतला नाही.

"समद्या पांगल्या, मावशी. चौकात होतो तवा ठरल्या रोजाच्या खाली कुणी जात नव्हतं. एखादी गेलीच तर बाकीच्या तिला फाडून खायच्या. आता मुकादम म्हंतो तो रोज. जिच्यासंगं कुणी नाय तिला नवरा कामावर धाडत बी नाय."

बहीण म्हणाली, "मी शेड मंजूर करणाऱ्या साहेबांना भेटते. पुन्हा सगळ्यांशी बोलते, नीट विचारते..."

"नका," ती म्हणाली. "मॅडम, पाया पडते, आता काय बी इचारू नका."

तरी बहीण कचेरीत गेलीच. मी सोबत. साहेब अदबीनं उठून उभे राहिले, चहा मागवला. "मॅडम, हे तर तुमच्याच अहवालाप्रमाणं केलंय."

"अड्डा हलवा असं मी कुठं लिहिलंय?"

"हलवू नका असंही नाही ना लिहिलेलं."

चहा तसाच ठेवून ती उठली. परत येताना जिन्यातच बसली. "अक्का, काय नाही तेवढंच मी विचारत राहिले. काय आहे, ते एकदाही विचारलं नाही गं." त्यानंतरही तिनं पुष्कळ अर्ज केले, पत्रं लिहिली. कठडे काही निघाले नाहीत. चौकात आता गाड्या लावतात.

कन्नडवाली त्या पायरीवर काही दिवस दिसली, मग दिसेनाशी झाली. कुठं गेली, कुणाला विचारावं?

बहीण निवृत्त झाली त्याला बरीच वर्षं झाली. पुस्तकं आहेत, शाल पेटीत आहे. डॉक्टरकडं जायला आम्ही रिक्षा करतो तेव्हा ती कडेला सरकून बाहेर बघत बसते. मीच मग विचारते, "काय भाऊ, रिक्षा तुमची का?" रिक्षावाला हौसेनं सांगायला लागतो. आणि माझी बहीण हळूच माझा हात दाबते, गप्प बस म्हणून.