लवंगेच्या तेलाचा वास

शुभदा टिपणीसला सिंगापुरात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर ती म्हणायची, "नोव्हेनाला डेंटल क्लिनिकमध्ये असते." असते! नाशिकला अकरा वर्षं स्वतःचा दवाखाना चालवलेली बाई, बाहेर पेशंट नंबर लावून बसलेले, आणि इथे काय, तर असते. नवऱ्याला, प्रबोधला, सिंगापूरची नोकरी लागली, बिशानला फ्लॅट मिळाला, सामान लागलं, आणि मग कळलं की हिची पदवी इथे चालत नाही. आधी चौकशी नको का करायला? पण नवऱ्याच्या नोकरीची चौकशी सगळे करतात, बायकोच्या पदवीची कोण करतो!

तर मिळालं ते असिस्टंटचं काम. डॉक्टर लिम यांच्या खुर्चीशेजारी उभं राहायचं, पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढणारी नळी धरायची, मागतील ते हत्यार हातात द्यायचं. डॉक्टर लिम माणूस सज्जन, पण नियमाचा पक्का. असिस्टंटने पेशंटला सल्ला द्यायचा नाही म्हणजे नाही. शुभदाने दहा वर्षं तो नियम पाळला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

त्यातही जीव जायचा तो दात पांढरे करायला माणसं आली की. कारण एमडीएसला तिने प्रबंध लिहिला होता तो नेमका यावरच: दात पांढरे करताना आतला पल्प कसा वाचवायचा. पल्प म्हणजे दाताच्या पोटातला मऊ, जिवंत गर. नस, रक्त, सगळं तिथे. पांढरं करणारं जेल दातातून झिरपत आत पोचतं आणि त्या गराला भाजतं. म्हणून जेल सौम्य घ्यायचं, वेळ थोडा ठेवायचा, आधी दहा मिनिटं संरक्षक पेस्ट लावायची, मध्ये दाताला विश्रांती द्यायची. आणि सगळ्यात पहिला एक्स-रे. पूर्वी मार खाल्लेला दात असेल तर त्याच्या वाटेला जायचं नाही. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने हे घडाघडा सांगितलं असतं. विचारणार कोण?

विचारलं ते लेकीने. गार्गी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती. दात बापाच्या घराण्याचे, पिवळट. मुलगी फोटोत कायम ओठ मिटून हसायची. फेब्रुवारीत एक दिवस, वाक्याच्या शेवटी इथलं 'लाह' जोडायच्या सवयीने, म्हणाली, "आई, मे मध्ये ग्रॅज्युएशन आहे. आय वॉन्ट टू स्माइल प्रॉपर्ली, लाह. तुझ्या क्लिनिकमध्ये करू का?"

"क्लिनिक कशाला?" शुभदा म्हणाली. "मी मेले आहे का?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. दहा वर्षांत पहिल्यांदा तिला एक पेशंट मिळाला होता, तोही स्वतःच्या पोटचा, आणि तो ती डॉक्टर लिमना देणार होती होय! नाशिकहून मैत्रीण आली तिच्याबरोबर सौम्य जेल मागवलं, पेस्ट मागवली. जेवणाच्या टेबलावर लेकीच्या दातांचा ठसा घेतला आणि मापाचे प्लास्टिकचे साचे बनवले. प्रबोध नुसता बघत राहिला. "तू आज शिट्टी वाजवतेयस," म्हणाला. खरंच वाजवत होती.

राहिला एक्स-रे. तो घरी कसा काढणार? क्लिनिकमध्ये काढायचा तर डॉक्टर लिमना सांगायला हवं, आणि सांगायचं काय? की मी घरी लायसन्सशिवाय डॉक्टरकी करते? वर्क पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, त्यांच्याच क्लिनिकच्या नावावर. वरचा डावा पुढचा दात तिच्या ध्यानात नव्हता असं नाही. सिंगापूरला आल्याच्या पहिल्याच वर्षी, नऊ वर्षांची गार्गी इमारतीच्या खाली खेळताना खांबाला धडकली होती. तेव्हाही शुभदानेच बोट लावून बघितलं होतं. हलत नाही, रंग ठीक आहे, काही नाही झालं. दहा वर्षं काही झालं नव्हतं, मग आता काय होणार! इतरांना जे जन्मभर सांगितलं, ते तिने आपल्या घरात सोडून दिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याला.

"एक दिवसाआड, अर्धा तास. आधी पेस्ट दहा मिनिटं. आणि कळ आली की थांबायचं. ताबडतोब. ऐकतेयस ना?"

"यस, डॉक्टर," गार्गी म्हणाली, आणि त्या एका शब्दावर बाई आठवडाभर तरंगत होती.

पण पोरीला मे दिसत होता. एक दिवसाआडचं रोज झालं, अर्ध्या तासाचे दोन तास झाले. पेस्टची दहा मिनिटं म्हणजे वेस्ट ऑफ टाइम. कळ आली तेव्हा आईला सांगितलं असतं तर आईने साचे काढून घेतले असते. म्हणून तिने कपाटातली लवंगेच्या तेलाची बाटली काढली. दाढ दुखली की कापसावर दोन थेंब, हे टिपणीसांच्या घरात तिने लहानपणापासून बघितलेलं. तेल कळ दाबतं. आतला जळणारा गर काही वाचवत नाही.

आणि शुभदाला वास आला होता! बाथरूममध्ये सकाळी लवंगेचा वास, एकदा नाही, चार-पाचदा. तिने विचारलंसुद्धा, "गार्गी, दुखतंय का गं?"

"नो, लाह. गम थोडी सोअर आहे."

हिरडी दुखते म्हणाली, आणि हिने मानलं. का मानलं? कारण दात सुरेख दिसायला लागले होते. दहा वर्षांनी आपल्या हाताला यश आलेलं तिला दिसत होतं, आणि त्या यशाच्या तोंडात बोट घालून बघायची तिची इच्छा नव्हती. एवढी साधी गोष्ट आहे. पुढे कितीही रात्री ती हे स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हेने सांगून बघणार होती, पण गोष्ट एवढीच.

मे मध्ये फोटो निघाले. गार्गी तोंडभर हसत होती. शुभदाने फोटो मोठा केला. वरचा डावा पुढचा दात बाकीच्यांपेक्षा जरा राखाडी होता. सावली असेल, म्हणून तिने दुसरा फोटो बघितला. मग तिसरा. मग लेकीला खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. तिथेही राखाडीच.

"बट आता अजिबात दुखत नाही, आई," गार्गी म्हणाली. "दॅट्स गुड, राइट?"

मेलेला दात दुखत नाही; शुभदाने क्लिनिकला फोन लावला.

गार्गीने लहानपणी खांबाला धडकल्याचं आणि घरी दात पांढरे केल्याचं सांगितलं, आणि डॉक्टर लिमनी एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाशी काळा डाग. मग त्यांनी हात पुढे केला आणि शुभदाने बर्फासारखा गार केलेला कापूस चिमट्यात धरून दिला. डॉक्टरांनी तो आधी शेजारच्या जिवंत दाताला लावला, गार्गी दचकली. पलीकडच्याला लावला, दचकली. त्या दाताला लावला. गार्गी शांतपणे छताकडे बघत होती. लावा ना अजून जरा, असं शुभदाच्या ओठांवर आलं. डॉक्टर लिमनी सेकंद मोजले आणि कापूस बाजूला ठेवला.

"लहानपणी मार लागला तेव्हापासून अर्धमेला असणार," ते म्हणाले. "ब्लीचिंगने उरलेला मेला. आधी एक एक्स-रे काढला असता तरी कळलं असतं. कुणी सांगितलं तुला हे करायला?"

 गार्गीने आईकडे बघितलंही नाही. "ऑनलाइन बॉट, डॉक्टर. माय मदर डिडन्ट नो."

डॉक्टर लिम शुभदाकडे वळले. "तुला खरंच काही माहीत नव्हतं?"

आपलेच दात, आपलेच ओठ. प्रबोधची कंपनी माणसं कमी करत होती, वर्क पास समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात होता. हे सगळं खरं होतं. पण त्यातलं काही आठवायच्या आधीच उत्तर तोंडातून गेलं होतं. "नाही, डॉक्टर," ती म्हणाली.

"मुली, तुझी आई दहा वर्षं माझ्याकडे आहे," डॉक्टर गार्गीला हळुवारपणे म्हणाले. "तिला नुसतं विचारायचंस तरी."

"सॉरी," गार्गी म्हणाली.

रूट कॅनल तेव्हाच सुरू केलं. लेकीच्या ओठाच्या कोपऱ्यात नळी धरून शुभदा उभी राहिली. बारीक सुईला चिकटून काळपट धाग्यासारखं काहीतरी बाहेर आलं. ज्याला वाचवण्यावर तिने दीडशे पानं लिहिली होती, ते हे. डॉक्टरांनी ते गॉजला पुसलं. तिने गॉजची घडी घातली आणि कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली.

"नंतर हा एक दात आतून पांढरा करून देता येईल," डॉक्टर म्हणाले.

"नो नीड," गार्गी म्हणाली.

परतताना एमआरटीच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या. बिशान येईपर्यंत शुभदा शब्द जुळवत होती. शेवटी म्हणाली, "गार्गी, मी तिथे बोलायला हवं होतं गं."

"इट्स ओके, आई. बाबांना नको सांगू, कॅन?"

आणि ती आईकडे बघून हसली. पूर्वीसारखी, ओठ मिटून.