श्रीखंडाच्या डब्याने सोसायटी रिकामी केली

आधी कबूल करा, ऐकून झाल्यावर माझ्या आईला जाऊन विचारणार नाही. ती सांगते त्यात मी आणखी मूर्ख दिसतो. कबूल? मग चहा घ्या, सांगतो.

नव्वदीतली गोष्ट. आम्ही सानपाड्याला पहिल्या मजल्यावर राहायचो. माझं कॉलेज नुकतंच संपलेलं आणि जग सुधारायची भयंकर घाई! त्या भरात मी एक वाद्य बनवलं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ट्रान्झिस्टर, बॅटरी आणि झाकणावर टिकलीएवढा एक भाग, ज्याला प्रकाश कळतो. उजेड वाढला की सूर चढणार, सावली पडली की उतरणार. हात न लावता नुसत्या सावलीने गाणं! स्पीकर जुन्या रेडिओतला, आवाज डासाचा. मला मात्र स्वर्गीय वाटायचा.

सोसायटीच्या वर्धापनदिनाला ते वाजवायला मिळावं म्हणून मी सेक्रेटरी कदमकाकांच्या मागे हात धुऊन लागलो. सगळ्यांनी एकदा ऐकलं की घराघरात विज्ञान पोचणार, याबद्दल मला शंकाच नव्हती.

"दहा मिनिटं देतो," काका शेवटी वैतागून म्हणाले. "कुणाला शॉक बसला तर बघ!"

आदल्या संध्याकाळी मंडपवाल्याने कर्णा आमच्याच गॅलरीला बांधला आणि अॅम्प्लिफायर आमच्याकडे ठेवून गेला. मला कुठला धीर! बाबा झोपले होते, म्हणून दिवा न लावताच मी डबा कठड्यावर ठेवला आणि अॅम्प्लिफायरला जोडला. आवाज नाही. व्हॉल्यूमचं बटण पूर्ण पिरगाळलं. तरी नाही. वायर ढिली असेल, सकाळी बघू, म्हणून सगळं तसंच चालू सोडून चिडून झोपलो. डब्याला स्विच? तो लावायला वेळ कुणाला होता!

अंधारात हे वाद्य गप्प बसतं, हे मला माहीत नव्हतं का? अहो, मीच बनवलं होतं! आणि आमची गॅलरी पूर्वेला. आलं ना लक्षात? माझ्या नाही आलं.

सकाळी जाग आली ती भोंग्याने. ऊऊऊऊ… चढतोय, चढतोय, थांबतच नाही! तुर्भ्याचे केमिकल कारखाने जवळच. गॅस सुटला तर भोंगा वाजेल, मग नाकाला ओला रुमाल लावून मागच्या मैदानात जमायचं, हे मीच महिनाभर दारोदार सांगत फिरलो होतो. लोक हसले होते. आज कळेल त्यांना!

"गॅस! गॅस! रुमाल ओला करा!" मी बनियनवरच जिने पालथे घातले. कदमकाकांचे वडील, आबा, कंबर मोडल्यापासून घराबाहेर पडलेच नव्हते. आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं.

बघता बघता अख्खी सोसायटी मैदानात, नाकाला रुमाल लावून. मी सेनापतीसारखा मधोमध. तेवढ्यात सूर्यावर ढग आला. भोंगा उतरला.

"गॅस कमी होतोय!" मी जाहीर केलं.

ढग सरकला. ऊऊऊऊ!

"परत सुटला!"

"हां, मला पण वास येतोय," कदमकाका रुमालातून म्हणाले.

सारसोळ्याहून येणारी आमची मासेवाली त्यांच्या मागेच उभी होती. "गॅस कनचा, सायबा? ह्यो वास माझे टोपलीचा हाय!"

आणि मग मी मैदानभर नजर फिरवली. आई कुठाय? गर्दीत बाबा होते, आई नव्हती! मी घराकडे धावलो, आणि वर बघितलं. आई गॅलरीत शांतपणे गोधडी वाळत घालत होती. गोधडी कठड्यावर पडली. भोंगा बंद. तिने टोक उचलून झटकलं. ऊऊ! पुन्हा टाकली. चिडीचूप.

"आरं, ह्यो तुजा डबा वरडतुया बघ!" आमची आई साताऱ्याकडची, तिला कर्ण्याची गरज नाही. "आनि तुमी समदी खाली काय करताय?"

सगळ्यांच्या नाकावरचे रुमाल हळूहळू खाली आले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोंड कुठे लपवू? अंगात बनियन!

कदमकाका जवळ आले. "तुझी दहा मिनिटं झाली. संध्याकाळी दिसलास तर याद राख."

संपलं! मी मान खाली घातली. तोच मागून आबांचा आवाज आला.

"ए, त्याला बोलू नगंस. वर्सानं उघड्यावर बसलोय मी. ऊन लागतंय अंगाला. संध्याकाळी वाजवू दे पोराला. मी हितंच बसून ऐकणार."

वडिलांपुढे सेक्रेटरीचं काय चालणार? कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. तिथेच मैदानात चहा आला, आणि पहिला कप मला मिळाला. भर सुट्टीच्या दिवशी मी ज्यांना झोपेतून पळवलं, त्यांनी! आजही त्या माणसांची आठवण झाली की हात जोडावेसे वाटतात.

संध्याकाळी मी स्टेजवर टॉर्चसमोर बोटं नाचवली, महिनाभर घोटलेली धून वाजवली. लोकांनी सभ्यपणे ऐकून घेतली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "गोधडी! काकूंना बोलवा!"

आई पदर खोचून आली, गोधडी घेऊनच. मी टॉर्च धरला. तिने गोधडी उचलली, टाकली, झटकली, फिरवली आणि डब्यातून असा काही ताल निघाला की पोरं खुर्च्यांवर चढली. आबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. वन्समोअरवर वन्समोअर!

शेवटी कदमकाकांनी माईक हातात घेऊन आभार मानले. मंडपवाल्याचे मानले, चहावाल्याचे मानले, आणि मग म्हणाले, "गोधडीवादन केल्याबद्दल आमच्या वहिनींचे विशेष आभार! टॉर्चवर साथसंगत, त्यांचे चिरंजीव."